दात का तडकतात?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मराठीत फार जुनी आहे. संसारातले योग वेळेवर जुळून येत नाहीत, एवढेच सांगण्यासाठी ती बहुधा वापरली जाते. परंतु तिच्या वाच्यार्थातही मोठे तथ्य आहे. जेवताना भाताच्या घासात खडा यावा, दाढेखाली कर्रकन आवाज व्हावा आणि मस्तकापर्यंत झिणझिण्या जाव्यात, हा अनुभव ज्याला आला नाही असा माणूस विरळा. क्षणभर हात थांबतो, जीभ दाढेवरून फिरून येते, आणि सारे ठाकठीक आहे असे पाहून जेवण पुढे चालू होते. बहुतेक वेळा ते खरोखरच ठाकठीक असते. काही वेळा मात्र त्या एका आवाजापासून दीर्घ दुखण्याचा आरंभ होतो. ते दुखणे असे, की रोग्याला बोट ठेवून जागा दाखविता येत नाही आणि क्ष-किरणांच्या चित्रातही त्याचा मागमूस लागत नाही. दाताला गेलेला तडा हे त्या दुखण्याचे मूळ होय.

दात तडकतो कसा, हे पाहण्यापूर्वी तो एरवी तडकत का नाही, हे पाहणे इष्ट आहे. कायमच्या दातांतील पहिली दाढ साधारणतः वयाच्या सहाव्या वर्षी उगवते. दिवसाकाठी तिच्यावर हजार वेळा दाब पडतो असे धरले, तरी वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक आणि पन्नाशी गाठेपर्यंत दीड कोटीहून अधिक वेळा ती दाबली जाते. हे सारे सदा ओल्या जागी घडते. मध्येच वाफाळलेला चहा येतो, त्यामागून गार पाणी येते, कधी चिंचेचे किंवा लिंबाचे आम्ल येते. यंत्रातला एखादा भाग अशा परिस्थितीत चाळीस-पन्नास वर्षे टिकला, तर त्याच्या कारागिराचे नाव लोक काढतील. दाढेचे मात्र कोणी नाव काढीत नाही. ती दुखू लागली म्हणजेच तिची आठवण होते.

हा दाब असतो तरी किती? या प्रश्नाचा शोध सतराव्या शतकापासून चालू आहे. बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हालचालींवर एक ग्रंथ लिहिला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, १६८० व १६८१ या वर्षी, प्रसिद्ध झाला. खालच्या दाढांवरून दोरी घालून तिला वजने टांगावयाची आणि जबडा मिटताना किती वजन उचलले जाते ते पाहावयाचे, अशी त्याची पद्धत होती. या रीतीने सुमारे २०० किलोग्रॅमपर्यंत वजन उचलले गेल्याची नोंद त्याने केली. पुढे अमेरिकेतील दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९५ मध्ये चावण्याचा जोर मोजणारे उपकरण वापरून पुष्कळ मापे घेतली. आजच्या विद्युत्-उपकरणांनी घेतलेली मापे बोरेल्लीच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरतात. निरोगी प्रौढ माणसाने सर्व शक्तीनिशी दात आवळले, तर दाढांमध्ये सामान्यतः ५० ते ७० किलोग्रॅम वजनाइतका आणि पुढच्या दातांमध्ये १० ते २० किलोग्रॅम वजनाइतका जोर पडतो. पोळी-भाजी चावताना यातला लहानसा अंशच खर्च होतो. बाकीची शक्ती राखीव असते, आणि धोका असतो तो या राखीव शक्तीपासून.

दाढांमध्ये जोर अधिक आणि पुढच्या दातांमध्ये कमी, असे का, याचे उत्तर घरातल्या अडकित्त्यात सापडते. सुपारी पात्याच्या टोकाशी धरली तर ती फुटता फुटत नाही. बिजागरीजवळ सरकविली की थोड्या दाबाने फुटते. जबड्याची बिजागरी कानाच्या पुढे असते आणि दाढा तिच्या जवळ असतात. दात घट्ट आवळले असता गालावर जो टणक गोळा हाताला लागतो, तो जबडा ओढणारा मुख्य स्नायू. तोही दाढांच्याच नजीक असतो. म्हणून कठीण वस्तू तोंडात आली की जीभ ती नकळत मागे दाढांकडे ढकलते. शरीराची ही योजना सोयीची खरी. परंतु सर्वांत मोठा जोर आणि सर्वांत कठीण पदार्थ यांची गाठ त्यामुळे दाढेवरच पडते.

शिवाय केवळ जोरावरून सारे ठरत नाही. तो किती जागेवर पडतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. भाकरीचा घास दाढेच्या साऱ्या माथ्यावर पसरतो आणि जोर वाटला जातो. खडा आला म्हणजे तो सारा जोर त्याच्या टोकाखालच्या कणभर जागेवर एकवटतो. पन्नास किलोग्रॅमचा जोर एका चौरस मिलिमीटरवर टेकला, तर दर चौरस सेंटिमीटरला पाच हजार किलोग्रॅम असा त्याचा हिशेब होतो. अनवाणी पायाने गादीवर उभे राहणे आणि काट्यावर उभे राहणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

आता हा जोर झेलणाऱ्या दाताची घडण पाहू जाता, तो एकजिनसी दगड नसून दोन अगदी भिन्न द्रव्यांचा सांधा आहे असे आढळते. बाहेरून दिसणारे पांढरे, चकचकीत कवच म्हणजे दंतवल्क. वजनाच्या मानाने त्यात सुमारे शेकडा ९६ भाग खनिज असते आणि शरीरात त्याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत असते. त्याच्या आत दंतिन नावाचे पिवळसर द्रव्य असते. त्यात खनिज शेकडा ७० च्या आसपास, आणि उरलेला भाग चिवट तंतूंचा व पाण्याचा. अगदी आत दंतमज्जा, म्हणजे बोलीभाषेत जिला दाताची नस म्हणतात ती. मुळाच्या भोवती, दात आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या जाडीचा तंतूंचा थर असतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तर या तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

दंतवल्क कठीण आहे. परंतु कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. काच पोलादी पत्र्यावर ओरखडा उमटवू शकते, पण हातातून पडली की तिचे तुकडे होतात. पत्रा पडला तर नुसता पोचा येतो. दंतवल्काची जात काचेची आहे. भेगेला थोपविण्याची त्याची स्वतःची शक्ती काचेहून फारशी अधिक नाही. त्यातही एक मोठी उणीव अशी, की दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात उगवण्याच्या वेळीच नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधून येते, कापलेली कातडी भरून येते. दंतवल्काला गेलेला तडा मात्र नव्या दंतवल्काने कधीही भरून येत नाही. सहाव्या वर्षी जे कवच मिळाले, तेच साठाव्या वर्षापर्यंत पुरवावयाचे असते.

भंगुर पदार्थ फुटतो कसा, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये नौकाबांधणीच्या तज्ज्ञांपुढे गणिताने असे दाखवून दिले, की ताणलेल्या पत्र्यात एखादे भोक किंवा चीर असेल, तर तिच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. चीर जितकी लांब आणि तिचे टोक जितके अणकुचीदार, तितकी ही वाढ अधिक. पुढे ग्रिफिथ या दुसऱ्या ब्रिटिश अभियंत्याने काचेवर प्रयोग केले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने सांगितले, की काचेची प्रत्यक्षातली ताकद तिच्या अंगी असलेल्या बारीक दोषांवर अवलंबून असते, आणि भेग एका ठराविक लांबीपलीकडे गेली की ती आपोआप पुढे धावते. कापडाच्या दुकानात हे तत्त्व रोज पाहावयास मिळते. अखंड कापड हातांनी ओढून फाटत नाही. दुकानदार कडेला कात्रीची एक चीर देतो आणि मग तेच कापड दोन बोटांच्या झटक्याने सरळ फाटत जाते. दाताच्या बाबतीत कीड, खाच, जुना ओरखडा किंवा भरलेल्या दाढेचा आतला कोपरा, यांतले काहीही ही कात्रीची चीर ठरू शकते.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. भेग ओढल्याने वाढते. चावताना तर दात दाबला जातो. मग दाबल्याने भेग कशी वाढावी? याचे उत्तर परातीतल्या भाकरीकडे पाहिले की मिळते. ज्वारीचा गोळा मधोमध थापला की तो पसरतो आणि त्याच्या कडा फाटू लागतात. हात पडतो मध्यावर आणि चीर जाते कडेला; कारण मधला भाग बाहेर सरकला की कडेला ताण बसतो. दाढेतही असेच घडते. दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार-पाच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे असतात. वरच्या दाढेचा आतल्या बाजूचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो. लाकूड फोडणारा ओंडक्यात पाचर ठोकतो, तसाच हा उंचवटा खालच्या दाढेच्या उंचवट्यांना एकमेकांपासून दूर रेटीत असतो. खळग्याच्या तळाशी मग ताण निर्माण होतो. दाढा तडकण्याच्या प्रकारांत खालच्या दाढांचे प्रमाण मोठे असते आणि तडा बहुधा पुढून मागे, खळग्याच्या रेषेने जातो. त्याचे एक कारण या पाचरीत आहे.

इतके असूनही दाढा सहसा दुभंगत नाहीत, याचे श्रेय त्यांच्या अंतर्गत रचनेला आहे. दंतवल्क हे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या जाडीच्या असंख्य काड्यांचे बनलेले असते. दंतिनाजवळच्या भागात या काड्या सरळ नसून एकमेकींना तिरप्या छेदीत, विणल्यासारख्या गेलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे जे पट्टे दिसतात, ते हंटर व श्रेगर या दोघांच्या नावांनी ओळखले जातात. भेग अशा विणीत शिरली की तिला सरळ वाट सापडत नाही. तिला वळावे लागते आणि प्रत्येक वळणावर तिचा जोर खर्च होतो. २००९ मध्ये हर्त्झल चाई, ब्रायन लॉन आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या व समुद्री पाणमांजराच्या दातांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत त्यांना असे आढळले, की दंतवल्क आणि दंतिन यांच्या सांध्याशी जन्मतःच असणारे भेगांसारखे बारीक झुबके हेच पुष्कळशा भेगांचे उगमस्थान असते. पण हे झुबके अनेक असल्याने ताण सर्वांमध्ये वाटला जातो. कोणा एकाला एकदम पुढे धावता येत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी अनेक लहान, थबकलेल्या भेगा पत्करावयाच्या, अशी ही निसर्गाची तडजोड आहे.

भेग दंतवल्क ओलांडून आत आलीच, तर तिची गाठ दंतिनाशी पडते. मातीच्या भिंतीत गवताचा भुसा मिसळला की ती वाळताना फाटत नाही. भुशाची प्रत्येक काडी भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवते. दंतिनातले तंतू तेच काम करतात. म्हणून दंतवल्कातल्या बहुतेक भेगा सांध्याशी किंवा त्याच्या किंचित आत येऊन थांबतात. मुळाभोवतीच्या तंतूंचा थर धक्का थोडासा जिरवितो. त्याच थरात मज्जातंतूंची इतकी संवेदनशील टोके असतात, की दातांत सापडलेला केसही माणसाला जाणवतो. कठीण वस्तू लागताच जबड्याचे स्नायू सैल पडतात ते या टोकांनी दिलेल्या इशाऱ्यामुळे.

प्रौढ माणसाने आरशासमोर उभे राहून पुढच्या दातांवर बाजूने प्रकाश पाडला, तर दातांत उभ्या, केसासारख्या रेषा बहुधा दिसतात. जुन्या चिनी मातीच्या बशीवर दिसतात तशाच या रेषा. त्या दंतवल्कापुरत्या असतात. दुखत नाहीत आणि त्यांना उपचारही लागत नाही. त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही. दाताने अनेक वर्षे काम केले आणि भेगा जागच्या जागी थोपविल्या, एवढेच त्या सांगतात.

ही संरक्षणाची फळी मोडते ती मुख्यतः तीन कारणांनी. पहिले कारण अवचित बसणारा एकवटलेला आघात. खडा, हाडाचा तुकडा, न फुटलेला मक्याचा दाणा, बर्फ, फळाची कोय किंवा सुपारी दाढेखाली येते. यांतली विशेष घातक गोष्ट अशी, की कठीण वस्तू फोडण्यासाठी माणूस मुद्दाम जोर वाढवीत नेतो आणि ती वस्तू एकाएकी फुटते. स्नायूंना इशारा पोहोचून ते सैल पडण्यास क्षणाचा काही अंश लागतोच. तेवढ्यात समोरासमोरचे दात एकमेकांवर आदळतात. दातांनी बाटलीचे झाकण उघडणारा मनुष्य तर हा प्रयोग हौसेने करीत असतो.

दुसरे कारण थकवा. लोखंडाची तार एकदा वाकविल्याने तुटत नाही. तीच तार पुनःपुन्हा वाकविली की कमी जोरातही तुटते. दातातली भेगही प्रत्येक चाव्यागणिक अणुमात्र पुढे सरकू शकते. झोपेत दात खाण्याची सवय या दृष्टीने फार हानिकारक आहे. पोटात जंत झाल्याने मूल दात खाते अशी समजूत घरोघरी आढळते. पण ही सवय मोठ्या माणसांतही पुष्कळ असते आणि तिचा जंतांशी तसा संबंध नाही. जागेपणी दात आवळताना मनुष्य नकळत हात राखून असतो. झोपेत हा आवर सुटतो आणि काही व्यक्तींत जागेपणीच्या कमाल जोरापेक्षाही अधिक जोर पडल्याचे मोजमापांत आढळले आहे. भरीस भर म्हणून वाढत्या वयाबरोबर दंतिनातल्या सूक्ष्म नलिका खनिजाने बुजत जातात आणि त्याचा चिवटपणा कमी होतो. तरुणपणी जी भेग थांबली असती, ती उतारवयात थांबतेच असे नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याची कल्पना सर्वसामान्यांना कमी असते. ते म्हणजे दाढेच्या भिंती आतून पोखरल्या जाणे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते; ती आहे तोवर चाकाचे सारे भाग एकत्र राहतात. दाढेच्या माथ्याभोवती कडेकडेने असलेला दंतवल्काचा बांध ही तिची धाव होय. किडीने किंवा कीड काढण्यासाठी केलेल्या कोरणीने हा बांध तुटला, की उंचवटे एकमेकांपासून सुटे होतात आणि प्रत्येक चाव्याला बाहेरच्या बाजूस वाकू लागतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी उपदाढांच्या उंचवट्यांचा ताठरपणा मोजला. रूट कॅनलसाठी केलेल्या छिद्राने तो केवळ शेकडा ५ नी घटला. माथ्यावरच्या खळग्यात कोरल्याने शेकडा २० नी घटला. पुढचा आणि मागचा असे दोन्ही बांध तोडून आरपार कोरले, तेव्हा मात्र तो शेकडा ६३ नी घटला. रूट कॅनल केलेला दात वाळून ठिसूळ होतो, असे पुष्कळ लोक मानतात. या आकड्यांवरून दिसते ते असे, की त्याचे बळ जाते ते मुख्यतः गमावलेल्या भिंतींमुळे. भिंती शाबूत ठेवून जेवढे कमी कोरता येईल तेवढे बरे, हे तत्त्व यातूनच निघते.

तडा गेलेल्या दाढेचे दुखणे मोठे चमत्कारिक असते. १९५४ मध्ये गिब्स यांनी आणि १९६४ मध्ये कॅमेरॉन या अमेरिकन दंतवैद्यांनी त्याचे व्यवस्थित वर्णन केले, आणि कॅमेरॉन यांनी वापरलेले ‘तडकलेल्या दाताचा लक्षणसमूह’ या अर्थाचे नावच पुढे रूढ झाले. चावताना एकदम चमक निघते. कित्येकदा ती चावताना न येता दाब सोडताना येते. थंड पाणी लागले की कळ उठते आणि लगेच विरते. याची उपपत्ती स्वीडनमधील ब्रॅनस्ट्रॉम यांच्या संशोधनातून मिळते. दंतिनात हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. दाबाखाली तड्याच्या दोन कडा उघडतात आणि दाब सुटताच मिटतात. त्या मिटताना नलिकांतला द्रव झटकन हलतो आणि नलिकांच्या आतल्या टोकांशी असणारे मज्जातंतू उद्दीपित होतात. दाब सोडतानाची ती चमक म्हणजे या द्रवाचा झटका होय.

रोग्याची पंचाईत होते ती पुढे. दुखते खरे, पण कोणती दाढ ते सांगता येत नाही. कधी वरची वाटते तर कधी खालची, आणि कधी कळ कानाकडे जाते. क्ष-किरणांचे चित्र स्वच्छ येते. यात चित्राचा दोष नाही. किरण गालाकडून जिभेकडे जातात आणि तडा त्यांच्या वाटेत आडव्या पडद्यासारखा असतो. केसाहून बारीक पडद्याने किरणांत फरक तो किती पडणार? कीड दिसत नाही, सूज दिसत नाही. तेव्हा घरचे लोक म्हणतात की हा मनाचा खेळ आहे, आणि दोन-तीन वेळा तपासून काही न सापडल्यावर रोग्यालाही तसेच वाटू लागते. तो एका बाजूने चावणे सोडतो आणि गप्प बसतो. या गप्प बसण्यात महिने जातात आणि तेवढ्या अवधीत तडा खोल जातो. म्हणून ‘दाब सोडताना चमक निघते’ हे एवढेच वाक्य जर रोग्याने दंतवैद्याला नेमके सांगितले, तर निम्मे निदान झाल्यासारखे आहे. मग वैद्य एकेका उंचवट्यावर लहानशी काडी ठेवून चावावयास सांगतो. प्रखर प्रकाश दाढेवर बाजूने टाकतो, तेव्हा प्रकाश तड्याशी अडतो आणि पलीकडचा भाग काळवंडलेला दिसतो. कधी जुनी चांदी काढून, निळा रंग लावून तड्याची रेषा उठवावी लागते.

तड्यांच्या पायऱ्या आहेत. अमेरिकेतील रूट कॅनल तज्ज्ञांच्या संघटनेने त्यांचे पाच प्रकार मानले आहेत. नुसत्या वरवरच्या रेषा हा पहिला. एखादा उंचवटाच तुटून निघणे हा दुसरा. तो दिसावयास भयंकर असला, तरी पुष्कळदा तुटलेला भाग निघून गेल्यावर दाढ सहज दुरुस्त करता येते. तिसरा प्रकार म्हणजे माथ्यापासून खाली उतरत चाललेला, पण अजून दाढेचे दोन भाग न केलेला तडा. तो मुळापर्यंत गेला आणि दोन्ही भाग सुटे हलू लागले की चौथा. पाचव्यात तडा मुळातच उभा जातो. तो बहुधा रूट कॅनल केलेल्या दातांत आढळतो आणि फारसा दुखतही नाही. तिसऱ्या प्रकारात दाढ वाचू शकते. चौथ्यात आणि पाचव्यात ती किंवा तिचा एखादा भाग बहुधा काढावाच लागतो. या दोन अवस्थांमधला काळ हाच उपचाराचा काळ.

उपचाराचे तत्त्व गाडीच्या चाकाचेच आहे. निसर्गाने दिलेली धाव तुटली, तर बाहेरून दुसरी चढवावयाची. दाढेला चहूबाजूंनी धरणारी कॅप बसविली, की उंचवटे वाकण्याचे थांबतात, तड्याच्या कडा उघडझाप करीत नाहीत आणि कित्येकदा दुखणे तिथेच थांबते. तड्यातून जंतू आत शिरून दाताची नस सुजली असेल, तर आधी रूट कॅनल करावे लागते. जंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. डोळ्यांना न दिसणारी फटही त्याला वेशीसारखी मोकळी असते. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री दातांवर घालण्याचे आवरण करून देतात. त्याने सवय जात नाही, परंतु आघात आवरणावर पडतो.

भारतासारख्या देशात या विषयाला आणखी एक बाजू आहे. येथे आसामपासून केरळपर्यंत सुपारी खाल्ली जाते, आणि अखंड किंवा जाड तुकड्याची सुपारी दाढेखाली फोडणे म्हणजे दाढेची रोज परीक्षा घेणे होय. अडकित्ता ज्याने प्रथम घडविला, त्याने फोडण्याचे काम दाढेकडून लोखंडाकडे दिले. बारीक कातरल्याने दाढ वाचते. पण म्हणून सुपारी निरुपद्रवी ठरत नाही. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगाला कारण होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

दुसरी गोष्ट सुपाची. दुपारच्या वेळी उंबऱ्याशी बसून तांदूळ, डाळ निवडणारी म्हातारी गावोगाव दिसत असे. चष्म्याआडून एकेक खडा वेचून बाजूला टाकणारा तो हात घरातल्या साऱ्यांच्या दाढा राखीत होता, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानातही येत नसे. आता बाजारात यंत्राने निवडलेले धान्य मिळते आणि सूप फळीवर गेले आहे. तरीही एखादा खडा चुकतोच; तेव्हा पहिले दोन-चार घास सावकाश चावावेत, ही जुनी शिकवण आजही शहाणपणाची आहे.

दाताला भेगा जाणारच. त्या जाऊ नयेत अशी त्याची घडण नाही. त्या जागच्या जागी थांबाव्यात अशी आहे. माणसाच्या हाती एवढेच आहे, की जे काम अडकित्त्याचे, पक्कडीचे किंवा सुपाचे ते दातांना सांगू नये, किडीला वेळीच आवरून दाढेच्या भिंती राखाव्यात, आणि दाब सोडताना चमक निघाली तर ती भ्रम समजून अंगावर काढू नये. एवढे पथ्य पाळले, तर चणे येतील तेव्हा दातही जागेवर असण्याचा संभव पुष्कळ वाढेल.